तलावांतील शेवाळाचा फुलोरा उपग्रहातून: नकाशात काय उतरते आणि काय गाळले जाते

जलमापक (धागाकर्ता)

तलावांत पसरणाऱ्या शेवाळाच्या फुलोऱ्याचे, म्हणजे त्याच्या एकाएकी होणाऱ्या दाट वाढीचे, उपग्रह-चित्रांवरून नकाशे कसे करावेत, याची चर्चा एका ठिकाणी व्हावी या हेतूने हा धागा काढत आहे. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे विनामूल्य मिळतात, क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचे सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चालते आणि गूगल अर्थ इंजिन ही ऑनलाइन सेवा वापरल्यास चित्र उतरवून घेण्याचीही गरज राहत नाही; त्यामुळे चार ओळींचे सूत्र लिहून रंगीत नकाशा काढणे आज कोणालाही जमते. मात्र असे नकाशे सूत्रामुळे क्वचितच चुकतात. सूत्र लावण्याआधी आपण कोणते पिक्सेल ठेवले आणि कोणते टाकले, तिथे ते चुकतात, आणि माझ्या मांडणीचा रोख त्याच मुद्द्यावर आहे.

प्रथम भौतिक आधार सांगतो. शेवाळातील हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल-ए, सुमारे ६६५ ते ६७५ नॅनोमीटरचा लाल प्रकाश शोषून घेते. त्याच्या थोडे पुढे, ७०० ते ७१० नॅनोमीटरच्या आसपास, हरितद्रव्याचे शोषण जवळपास संपलेले असते आणि पाण्याचे स्वतःचे शोषण अजून फारसे वाढलेले नसते. त्या अरुंद फटीत पेशींनी विखुरलेला प्रकाश वर परततो आणि आलेखात उंचवटा दिसतो. शेवाळ जितके दाट, तितका हा उंचवटा वर चढतो. उपग्रहाचा संवेदक प्रकाश ठरावीक तरंगलांबींच्या पट्ट्यांत मोजतो. सेंटिनेल-२ च्या चौथ्या पट्ट्याचा मध्य ६६५ नॅनोमीटरच्या जवळ आणि पाचव्याचा ७०५ च्या जवळ असल्यामुळे नेमकी हीच जोडी आपल्या हाती येते. त्यांच्यातील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की एनडीसीआय हा निर्देशांक मिळतो; मिश्रा आणि मिश्रा यांनी २०१२ मध्ये तो खाड्या आणि नदीमुखांच्या गढूळ पाण्यासाठी मांडला होता. समुद्रासाठी वापरली जाणारी निळ्या-हिरव्या प्रकाशाच्या गुणोत्तराची सूत्रे तलावांत सहसा चालत नाहीत, कारण तेथे विरघळलेले सेंद्रिय द्रव्य आणि गाळ हेही निळ्या प्रकाशात ढवळाढवळ करतात.

चौथ्या पट्ट्याचा पिक्सेल १० मीटर बाजूचा आणि पाचव्याचा २० मीटरचा आहे. अशा वेळी चौथ्याची सरासरी काढून तो २० मीटरवर आणावा. पाचव्याचे कृत्रिम तुकडे करून १० मीटरचा नकाशा छापणे म्हणजे हातात नसलेला तपशील दाखवणे होय. २० मीटरच्या पिक्सेलचे २५ तुकडे मिळून एक हेक्टर होतो, हे प्रमाण डोक्यात ठेवले तर कोणत्या आकाराच्या तलावासाठी हा खटाटोप करावा, याचा अंदाज आपोआप येतो.

आता मूळ प्रश्न. बहुतेक पद्धतींत पहिले पाऊल पाणी वेगळे काढण्याचे असते आणि त्यासाठी मॅकफीटर्स यांनी १९९६ मध्ये मांडलेला एनडीडब्ल्यूआय हा पाण्याचा निर्देशांक सर्रास वापरतात: हिरव्या पट्ट्यातून निकट-अवरक्त (लाल रंगाच्या लगेच पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) पट्टा वजा करायचा आणि बेरजेने भागायचे. पाणी निकट-अवरक्त प्रकाश गिळून टाकते, म्हणून तेथे उत्तर धन येते. पण शेवाळाचा जाड तवंग पृष्ठभागावर तरंगू लागला की तो निकट-अवरक्तात झाडाच्या पानासारखा उजळ दिसतो, उत्तर ऋण होते आणि तो भाग ‘जमीन’ म्हणून नकाशातून गळतो. म्हणजे फुलोरा जिथे सर्वांत तीव्र, नेमकी तीच जागा कोरी. या अडचणीतून आपण कसा मार्ग काढता, हे जाणकारांनी सांगावे.

अवरक्त

विषय नेमका मांडला आहे. यात एक भर घालतो: गाळणी एकच नसते, दोन असतात, आणि दुसरीकडे लोकांचे लक्ष जात नाही. सेंटिनेल-२ च्या पृष्ठभाग-परावर्तनाच्या चित्रांसोबत दृश्य-वर्गीकरणाचा एक तयार थर येतो. त्यात ६ हा वर्ग पाण्याचा, ४ वनस्पतींचा, ३ ढगाच्या सावलीचा, तर ८ आणि ९ हे ढगांचे असतात. अनेक तयार स्क्रिप्टमध्ये ‘फक्त ६ ठेवा’ अशी एक ओळ असते आणि ती फार व्यवस्थित वाटते. पण जाड तवंग ४ मध्ये जातो आणि त्या एका ओळीने तो पुसला जातो.

यावर उपाय म्हणजे तलावाची हद्द त्या दिवसाच्या चित्रातून काढायचीच नाही, ती आधीच ठरवून ठेवायची. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेच्या संग्रहावरून केलेला जागतिक भूपृष्ठ-जलाचा नकाशा ३० मीटरचा आहे आणि १९८४ पासूनच्या नोंदी त्यात आहेत. जेथे पाणी जवळजवळ कायम असते असा भाग त्यातून सहज निवडता येतो. तेवढे करायचे नसेल, तर फुलोरा नसलेल्या एखाद्या स्वच्छ चित्रावर क्यूजीआयएसमध्ये हाताने बहुभुज आखावा. तो एकदा ठरला की त्याच्या आत जे काही उजळ दिसेल ते पाण्यावरचे आहे असे धरून चालावे आणि वर्गीकरणाच्या थरातून केवळ ढग व सावली एवढेच वर्ग वगळावेत.

रेखांश

अवरक्त यांच्या उपायाला माझी सहमती आहे, पण एका अटीवर. जलाशयाची पातळी वर्षभरात बरीच खालीवर होत असेल तर हद्द गोठवून ठेवणे धोक्याचे ठरते. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या तळावर काही आठवड्यांत गवत उगवते, आणि गोठवलेल्या हद्दीच्या आत उगवलेले ते गवत एनडीसीआयमध्ये दाट तवंगापेक्षाही जोरकस दिसते. अशा नकाशात कोरड्या महिन्यांत शेवाळ वाढल्याचा भक्कम पुरावा मिळतो, जो प्रत्यक्षात गवताचा असतो.

यासाठी लघुतरंग-अवरक्त पट्टा, म्हणजे १६१० नॅनोमीटरजवळचा अकरावा पट्टा, उपयोगी पडतो. शू यांनी २००६ मध्ये सुधारलेल्या पाण्याच्या निर्देशांकात निकट-अवरक्ताऐवजी हाच पट्टा घेतला आहे. पाण्यात भिजलेला तवंग या तरंगलांबीला बऱ्यापैकी काळा राहतो, तर जमिनीवरचे गवत आणि उघडी माती उजळ दिसते, त्यामुळे दोहोंमध्ये फरक करता येतो. तवंग काठाशी साचून सुकू लागला असेल तर हा फरकही पुसट होतो, हे खरे. तेव्हा हद्द एकच न ठेवता भरलेल्या, मध्यम आणि ओसरलेल्या पातळीसाठी वेगवेगळी ठेवावी, आणि संशयाची जागा लागोपाठच्या चित्रांत पाहावी. गवत जागचे हलत नाही. तवंग वाऱ्याबरोबर पाच दिवसांत दुसऱ्या काठाला गेलेला असतो.

जलमापक

लागोपाठची चित्रे पाहण्याची सूचना मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिला कोणतेही नवे सूत्र लागत नाही. सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून विषुववृत्तावर दर पाच दिवसांनी तेच ठिकाण टिपतात आणि उच्च अक्षांशांवर याहून लवकर. ढगांनी एखादी फेरी वाया गेली तरी दहा दिवसांत तुलना करता येते. जेथे पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे आभाळ उघडत नाही, तेथे मात्र हा आधार नेमक्या मोक्याच्या काळात सुटतो.

काठाविषयी आणखी एक गोष्ट नोंदवतो. तलावाभोवती दाट झाडी असेल तर तिच्यावरून परतलेला प्रकाश हवेत विखुरतो आणि त्यातला थोडा पाण्याच्या पिक्सेलमध्ये मिसळतो. झाडी ६६५ ला अंधारी आणि ७०५ ला उजळ असते, म्हणजे तिची उसनी चमक शेवाळाच्या चमकेसारखीच असते. परिणामी निव्वळ स्वच्छ पाण्याच्या तलावालाही काठाने हिरवे कडे उमटते. नकाशात कडे जर सगळीकडे सारख्या रुंदीचे असेल तर ते शेवाळ नाही असे मी समजतो, कारण वारा तवंगाला एका बाजूला लोटतो, चहूबाजूंनी सारखा वाटून देत नाही. हद्द आतल्या बाजूला किमान दोन पिक्सेल, म्हणजे ४० मीटर, आवळून घेणे हा साधा उपाय आहे, परंतु त्यात काठाला साचलेला खरा तवंगही जातो. ही किंमत मी मोजतो आणि नकाशाच्या सूचीत, म्हणजे रंगांचा अर्थ सांगणाऱ्या चौकटीत, तसे लिहितो.

तळरेषा

या चर्चेत वातावरणाच्या दुरुस्तीचा उल्लेख अद्याप आलेला नाही, याचे आश्चर्य वाटते. तलावावरून उपग्रहापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशात पाण्याच्या आतून आलेला वाटा साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. उरलेला सारा हवेतून आणि पृष्ठभागावरून आलेला असतो. अशा स्थितीत हवेचा वाटा वजा करताना झालेली छोटी चूक पाण्याच्या आकड्यात मोठी होऊन बसते. सेंटिनेल-२ ची तयार पृष्ठभाग-चित्रे ज्या सेन२कोर या प्रणालीतून येतात, ती मुळात जमिनीसाठी आहे. पाण्यासाठी रॉयल बेल्जियन इन्स्टिट्यूट ऑफ नॅचरल सायन्सेसचे अ‍ॅकोलाइट हे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे, आणि युरोपीय अवकाश संस्थेच्या स्नॅप या सॉफ्टवेअरमध्ये सी२आरसीसी ही पाण्यासाठीची दुरुस्ती-पद्धत उपलब्ध आहे. तळी लहान आणि पाणी गढूळ असेल तर मी अ‍ॅकोलाइटपासून सुरुवात करण्यास सुचवेन.

हे सारे करणे शक्य नसेल तर निदान निर्देशांक असा निवडावा की ज्यावर हवेच्या चुकीचा परिणाम कमी होईल. ६६५ आणि ७४० नॅनोमीटरच्या दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेषा काढायची आणि ७०५ चा बिंदू त्या रेषेच्या किती वर आहे, हे मोजायचे. मेरिस या जुन्या संवेदकासाठी ६८१, ७०९ आणि ७५३ नॅनोमीटरचे पट्टे घेऊन हीच कल्पना कमाल क्लोरोफिल निर्देशांक म्हणून वापरली गेली. विरळ धुके तिन्ही पट्ट्यांत जवळपास सारखी भर घालते. रेषा वर सरकते, बिंदूही वर सरकतो, उंची मात्र फारशी बदलत नाही. एनडीसीआयसारख्या गुणोत्तरात तसे होत नाही, कारण तीच भर छेदात जाऊन बसते.

अवरक्त

तळरेषा यांच्या शेवटच्या वाक्याला धरूनच एक व्यावहारिक सूचना करतो, कारण छेदात भर पडण्याचा सर्वांत हमखास प्रकार हवेतून येत नाही, तो फाइलीतूनच येतो. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेची आवृत्ती ०४.०० झाली आणि प्रत्येक पिक्सेलच्या अंकात १००० मिळवून चित्रे देण्यास सुरुवात झाली, जेणेकरून फार अंधाऱ्या पृष्ठभागाचे ऋण आकडे कापले जाऊ नयेत. वापरणाऱ्याने ते १००० आधी वजा करायचे आणि मग १०,००० ने भागायचे, अशी अपेक्षा आहे.

समजा, पाचव्या पट्ट्याचा खरा अंक ६०० आहे आणि चौथ्याचा ४००. फरक २००, बेरीज १०००, म्हणून एनडीसीआय ०.२० आला. आता वजाबाकी राहून गेली तर अंक १६०० आणि १४०० होतील. फरक तोच २००, पण बेरीज ३०००, आणि उत्तर सुमारे ०.०७. पाणी तेच, शेवाळ तेवढेच, आकडा तिसऱ्या हिश्श्यावर. अनेक वर्षांचा आलेख काढणाऱ्याला २०२२ च्या आरंभी तलाव एकदम सुधारल्याचे दिसेल आणि त्याचे श्रेय एखाद्या योजनेला देण्याचा मोहही होईल. गूगल अर्थ इंजिनमधील ‘हार्मोनाइज्ड’ नावाच्या संग्रहात ही दुरुस्ती केलेली असते. स्वतः फाइली उतरवणाऱ्यांनी मात्र तारखेवर विसंबू नये, कारण जुनी चित्रेही नव्या आवृत्तीने पुन्हा तयार करून दिलेली आहेत. फाइलीच्या माहितीपत्रात लिहिलेला आवृत्ती-क्रमांक पाहूनच वजाबाकी करावी.

साशंक

चर्चा अभ्यासपूर्ण आहे, तरीही एक मूलभूत शंका मांडतो. पाणी पिणाऱ्याला किंवा त्यात उतरणाऱ्याला हरितद्रव्याशी काही देणेघेणे नसते. त्याला विषाची चिंता असते. उपग्रहाला विष दिसते का? दिसत नसेल, तर एवढ्या काटेकोर नकाशाने नेमके काय साधते?

परीक्षानळी

साशंक यांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे आहे की विष दिसत नाही. मायक्रोसिस्टिनला, म्हणजे नील-हरित शेवाळाच्या काही जाती तयार करतात त्या विषाला, स्वतःचा असा रंग नाही की तो अवकाशातून टिपता यावा. संवेदकाला दिसतात ती रंगद्रव्ये. त्यातही हरितद्रव्य सर्वच शेवाळांत असते; नील-हरित शेवाळ, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, ओळखायचे असेल तर फायकोसायनिन हे रंगद्रव्य पाहावे लागते आणि ते ६२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते. सेंटिनेल-२ ला तिथे पट्टाच नाही. सेंटिनेल-३ वरील ओल्सी या संवेदकाच्या २१ पट्ट्यांत तो आहे, पण त्याचा पिक्सेल ३०० मीटरचा, म्हणजे ९ हेक्टरांचा. शिवाय सायनोबॅक्टेरिया आहेत एवढे कळले तरी ती जात विष करणारी आहे की नाही आणि या आठवड्यात किती विष करते आहे, हे प्रयोगशाळेतच ठरते. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर दीर्घकाळासाठी लिटरमागे १ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य आहे. २०२० मध्ये संघटनेने अल्पकाळ पिण्यासाठी १२ आणि जलक्रीडेसाठी २४ मायक्रोग्रॅम ही मूल्येही दिली. यातला एकही आकडा नकाशावरून काढता येत नाही.

तरीही नकाशा निरुपयोगी नाही, आणि टोलेडोचे उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलके आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवराकाठच्या या अमेरिकी शहरात नळाचे पाणी पिऊ नका, असा आदेश निघाला आणि त्याची झळ चार लाखांहून अधिक लोकांना बसली. पाणी उकळूनही घेऊ नका, असे सांगावे लागले, कारण उकळल्याने हे विष नष्ट होत नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढू शकते. त्या वर्षीचा फुलोरा त्या सरोवरातला सर्वांत मोठा नव्हता. २०११ चा त्याहून बराच मोठा होता. पण २०१४ मध्ये वाऱ्याने तो नेमका पाणी उचलण्याच्या जागेजवळ आणून खोलवर मिसळला. एकूण क्षेत्रफळाचा आकडा पाहणाऱ्याला धोका कमी वाटला असता, तर जागा पाहणाऱ्याला तो वेळेत कळला असता. चीनमधील ताई सरोवरात २००७ च्या मे-जूनमध्ये असेच घडले आणि वूशी शहरातील सुमारे २० लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा पुरवठा कोलमडला. म्हणून मी नकाशाकडे नमुना कुठे आणि कधी घ्यायचा, हे सांगणारे साधन म्हणून पाहते. पाणी सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र म्हणून मी तो कोणाच्याही हाती देणार नाही.

साशंक

उत्तर पटले. मग नमुना घेताना काय पाळावे, तेही सांगावे. काठावर बाटली बुडवून आणलेले पाणी आणि वरून टिपलेला २० मीटरचा चौकोन यांची तुलना कशी करायची?

परीक्षानळी

काठावरचा नमुना त्या तुलनेला चालत नाही. उथळ पाण्यात तळ दिसतो, पाणवनस्पती दिसतात आणि झाडीच्या चमकेचा मुद्दा वर आलेलाच आहे. होडीने आत जाऊन अशी जागा निवडावी की तिच्या चहूबाजूंनी किमान तीन पिक्सेल तरी निव्वळ पाणी असेल. सेंटिनेल-२ स्थानिक सौरवेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातो. नमुना त्याच्या मागेपुढे तीन तासांच्या आत घ्यावा. वेळेचा हा आग्रह कर्मकांड नव्हे. सायनोबॅक्टेरियाच्या अनेक जातींच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांच्या साहाय्याने त्या खालीवर होतात. निवांत पहाटेनंतर सकाळी तवंग वर जमलेला असतो. दुपारी वारा सुटला की तेच शेवाळ दोन-तीन मीटर खोलीत विखुरते आणि वरून पाहणाऱ्याला तलाव निवळल्यासारखा भासतो. गढूळ पाण्यात उपग्रहाची नजर अर्धा-एक मीटरच्या खाली क्वचितच जाते, हेही त्याला जोडून लक्षात घ्यावे.

नमुन्यासोबत अक्षांश-रेखांश, वाऱ्याचा अंदाज, पाण्याचे छायाचित्र आणि सेकी तबकडीने मोजलेली पारदर्शकता एवढे नोंदवावे. ही पांढरी किंवा काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते, ते पाहतात; ती १८६५ पासून वापरात आहे आणि तिला विजेची गरज नाही. हरितद्रव्य मोजायचे असल्यास पाणी काचतंतूंच्या कागदातून गाळून तो कागद अंधारात, थंड ठिकाणी प्रयोगशाळेपर्यंत न्यावा लागतो. तवंगाला उघड्या हाताने स्पर्श करू नये. हातमोजे अनिवार्य समजावेत. उपग्रहाच्या बाजूने एकच पिक्सेल न घेता ३ बाय ३ चौकोनाचा मध्यक घ्यावा, म्हणजे जीपीएसची चूक आणि चित्राचे किंचित सरकणे पचून जाते.

रेखांश

तवंग आणि जलपर्णी यांत फरक कसा करायचा, हा प्रश्न अजून चर्चेत आलेला नाही, तो मी घेतो. जलपर्णी आणि डकवीडसारख्या तरंगत्या वनस्पती निकट-अवरक्तात तवंगापेक्षा अधिक आणि अधिक सातत्याने उजळ असतात. त्यांची पाने पाण्याच्या वर असल्यामुळे १६१० नॅनोमीटरलाही त्या तवंगाइतक्या अंधाऱ्या पडत नाहीत. आकारही पाहावा. तवंगाच्या लांबट, विरत जाणाऱ्या रेघा दिसतात, वाऱ्याच्या दिशेने ओढलेल्या. जलपर्णीच्या थराला ठळक कड असते. तयार सूत्रांना आकार कळत नाही, म्हणून निर्देशांकाच्या नकाशाशेजारी त्याच दिवसाचे नैसर्गिक रंगांतील चित्र ठेवून दोन्ही एकत्र वाचण्याची सवय लावून घ्यावी. माझ्या मते या एका सवयीने निम्मे गैरसमज टळतात.

ठळक कडेवरूनच आणखी एक खूण सांगतो. सेंटिनेल-२ चा संवेदक बारा तुकड्यांचा बनलेला आहे आणि शेजारचे तुकडे किंचित वेगळ्या कोनातून पाहतात. सूर्य डोक्यावर असलेल्या महिन्यांत पाण्यावरची चकाकी एका तुकड्यात जास्त आणि शेजारच्यात कमी येते, आणि मोठ्या तलावावर सरळ रेषेत कापलेला रंगाचा फरक दिसतो. ती रेषा उपग्रहाच्या मार्गाला समांतर असते. निसर्गात शेवाळ अशा रेषेवर थांबत नाही.

तळरेषा

मोठ्या तलावांसाठी सेंटिनेल-३ ची बाजू मांडणे आवश्यक आहे. पिक्सेल मोठा असला तरी दोन उपग्रहांमुळे ओल्सीचे चित्र जवळजवळ रोज मिळते, आणि ढगाळ काळात रोज मिळणारे जाडेभरडे चित्र पाच दिवसांनी मिळणाऱ्या रेखीव चित्रापेक्षा पुष्कळदा उपयोगी ठरते. अमेरिकेतील पर्यावरण संरक्षण संस्था, नासा, सागर व वातावरण संस्था नोआ आणि भूगर्भ सर्वेक्षण यांच्या सायन या संयुक्त उपक्रमात याच संवेदकावरून दोन हजारांहून अधिक तलावांवर नजर ठेवली जाते. लांब पल्ल्याचा आलेख हवा असेल तर एक खंड ध्यानात ठेवावा: मेरिस एप्रिल २०१२ मध्ये त्याला वाहणाऱ्या एन्व्हिसॅट उपग्रहासोबत बंद पडला आणि ओल्सी २०१६ मध्ये वर गेला, मधल्या वर्षांसाठी तशा पट्ट्यांचा संवेदक नव्हता. लँडसॅटचा संग्रह १९७२ पासूनचा आहे, पण त्याला ७०५ चा पट्टा नाही. त्यावरून जाड तवंग ओळखता येतो, पाण्यात मिसळलेल्या शेवाळाची मात्रा मात्र गाळापासून वेगळी काढणे कठीण जाते. १९९० चा लँडसॅट आणि २०२० चा सेंटिनेल एकाच आलेखावर जोडून ‘शेवाळ वाढले’ असे म्हणणाऱ्यांना मी दोन आलेख स्वतंत्र काढण्याची विनंती करतो.

अवरक्त

नकाशा इतरांना दाखवताना काय करावे, यावर माझी मते जरा कठोर आहेत. संपूर्ण हंगामाचा मध्यक काढून एकच चित्र देण्याची पद्धत ढग घालवण्यासाठी सोयीची आहे, पण फुलोरा ही आठवडा-दोन आठवड्यांची घटना असल्याने मध्यक तिला ढगासारखेच पुसून टाकतो. उलट कमाल मूल्याचे चित्र काढले तर ढगाची कड, चकाकी, होडी, काहीही कमाल ठरते. त्यापेक्षा प्रत्येक पिक्सेलसाठी स्वच्छ निरीक्षणे किती मिळाली आणि त्यांतील किती टक्के वेळा निर्देशांक ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला, असा वारंवारतेचा नकाशा करावा आणि निरीक्षणांच्या संख्येचा नकाशा त्याच्याशेजारी छापावा. चार निरीक्षणांतले ५० टक्के आणि चाळीस निरीक्षणांतले ५० टक्के यांना एकच रंग देऊन गप्प बसणे योग्य नाही. ‘पाहिले आणि शेवाळ नव्हते’ यासाठी एक रंग आणि ‘पाहताच आले नाही’ यासाठी वेगळा करडा रंग ठेवावा; माझ्या पाहण्यातील बहुतेक नकाशांत ही दोन्ही ठिकाणे सारखीच पांढरी असतात.

साशंक

चित्र इतरांना दाखवण्याचा विषय निघाला, त्यावरून कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या २२६ क्रमांकाच्या तलावाची आठवण होते. १९७३ मध्ये तलाव-अभ्यासक शिंडलर यांच्या गटाने त्या तलावात मधोमध पडदा लावला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातले, फॉस्फरस मात्र एकाच भागात घातला. तो भाग हिरवा झाला, दुसरा झाला नाही, आणि आकाशातून घेतलेल्या त्याच्या छायाचित्राने, फॉस्फरसमुळेच शेवाळ वाढते का या वादात, फार मोठे काम केले. त्या छायाचित्रामागे प्रयोग होता, म्हणून ते एकटे पुरले. आपल्या नकाशांमागे प्रयोग नसतो. तेव्हा नकाशावरून ‘कारण’ सांगण्याचे टाळावे, एवढीच माझी भर.

जलमापक

सर्वांच्या सूचना घेऊन माझी पद्धत मी अशी बदलत आहे. तलावाची हद्द पातळीनुसार तीन बहुभुजांत ठेवीन. वर्गीकरणाच्या थरातून केवळ ढग आणि सावली वगळीन. एनडीसीआयच्या जोडीला तळरेषा यांनी सांगितलेली उंचीही काढीन, आणि जेथे दोन्ही निर्देशांकांचे एकमत नाही ते पिक्सेल ‘संदिग्ध’ या वेगळ्या रंगात दाखवीन. एनडीसीआयच्या आकड्याचे हरितद्रव्याच्या मात्रेत रूपांतर मात्र त्या-त्या तलावाचे नमुने हाती येईपर्यंत करणार नाही. दुसऱ्या पाण्यावर बसवलेले समीकरण उसने आणून लिटरमागे मायक्रोग्रॅमचे आकडे छापणे मला पटत नाही. तोवर सूचीत ‘कमी’, ‘मध्यम’, ‘जास्त’ एवढेच राहील. मूळ चित्राची तारीख, वेळ, प्रक्रियेची आवृत्ती आणि वगळलेल्या पिक्सेलांची टक्केवारी प्रत्येक नकाशाच्या तळाशी असेल.

पाणपोई

उशिरा विचारत आहे, क्षमस्व. आमच्या अभ्यासातील तळी दोन-तीन हेक्टरांची आहेत. त्यांना हे लागू करावे का?

जलमापक

दोन हेक्टरांच्या तळ्यात २० मीटरचे ५० पिक्सेल बसतात. तळे चौकोनी धरले तरी बाजू सुमारे १४० मीटर, म्हणजे सात पिक्सेल. काठापासून दोन-दोन पिक्सेल आवळल्यावर मध्ये ३ बाय ३ चौकोन, असे नऊच उरतात, आणि तळे लांबट असेल तर तेवढेही नाहीत. त्या नऊंवरून तळ्यातल्या तळ्यात कुठे जास्त, कुठे कमी हे सांगता येणार नाही. संपूर्ण तळ्याचा एक आकडा काढून तो हंगामभर कसा बदलतो, एवढेच पाहता येईल. सुपरडव्ह या व्यावसायिक उपग्रहांची चित्रे ३ मीटरच्या आसपासची असतात आणि त्यांत ७०५ नॅनोमीटरचा पट्टाही आहे, पण ती सहसा विकत घ्यावी लागतात. तळी मोजकी असतील तर आधी सेकी तबकडी आणि ठरलेल्या जागेवरून नियमित काढलेली छायाचित्रे यांपासून सुरुवात करावी, आणि उपग्रहाचा आकडा त्यांच्याशेजारी एका स्तंभात लिहीत जावा.